किती ऊब पुरे? थंडीच्या कोटाचा धर्मविचार

चंद्रपूरचे नाव उन्हाशी जोडलेले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वर्तमानपत्रांत शहराचे नाव झळकते. त्यामुळे तिथल्या थंडीची दखल फारशी कोणी घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास आणि कधी त्याहीखाली उतरते. जंगलातल्या, वैनगंगा-इंद्रावतीच्या काठच्या गावांत पहाटेचा गारठा हाडांत शिरतो. धानाच्या पुंजण्याजवळ जागल करणारा शेतकरी, उघड्या कोळसा खाणीतला रात्रपाळीचा कामगार, उजाडण्याआधी गाडीवरून निघणारा वनरक्षक, या सगळ्यांना तो सोसावा लागतो. आणि दुपारी बाराला स्वेटर अंगावर नकोसा होतो. म्हणजे इथल्या पुरुषाला उबदार कोट लागतो तो वर्षातले जेमतेम दोन महिने, त्यातही रात्री आणि सकाळी.

थंडी खरी, पण थोडी. अशा ठिकाणी कोट निवडताना एक जुना प्रश्न उघडा पडतो. काश्मिरात तो कोणी विचारणार नाही, कारण तिथे कोट नसेल तर माणूस मरेल. चंद्रपुरात कोटाची गरज कुठे संपते आणि हौस, प्रतिष्ठा किंवा नुसता साठा कुठे सुरू होतो, हे ठरवावे लागते. अंगावरच्या कपड्याची योग्य मर्यादा कोणती आणि ती कोणी ठरवायची, हा प्रश्न भारतातील धर्मपरंपरांनी फार बारकाईने हाताळला आहे. त्याची तीन-चार परस्परविरोधी उत्तरे या दोन जिल्ह्यांतच शेजारी-शेजारी सापडतात.

निसर्गाचे उत्तर थोडक्यात सांगता येते. कोट ऊब तयार करत नाही. अंगातून निघणारी ऊब तो अडवतो, आणि अडवण्याचे बहुतेक काम कापडात अडकलेली हवा करते. म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर जास्त उपयोगी पडतात. ऊन चढले की एकेक उतरवताही येतो. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते, सुती कापड घामाने भिजले की उलट गारठवते. गाडीवर बसणाऱ्याला जाडीपेक्षा वारा अडवणारे वरचे कापड महत्त्वाचे. आग्नेय विदर्भातल्या थंडीला एवढे शास्त्र पुरते.

या शास्त्राचा एक प्रयोग अडीच हजार वर्षांपूर्वी झाल्याची नोंद बौद्ध विनयपिटकात आहे. महावग्गाच्या चीवरखंधकात कथा येते ती अशी. वाटेने जाताना बुद्धांना काही भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांची, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांची गाठोडी, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला. घर सोडलेली ही माणसे कापडाच्या ओझ्याखाली वाकली होती. मर्यादा घालायला हवी हे बुद्धांनी ओळखले, पण आकडा त्यांनी मनाने ठरवला नाही. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ, हिवाळ्यातल्या सर्वांत कडक रात्री, हिम पडत असताना ते उघड्यावर बसले. पहिल्या प्रहरी एक चीवर पुरले. तो सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला प्रहर संपल्यावर तिसरे. शेवटचा प्रहर संपून पहाट फुटू लागली तेव्हा चौथे. मग नियम ठरला तो तीन चीवरांचा: एक नेसायचे, एक अंगावर घ्यायचे आणि तिसरे, संघाटी, दुपदरी. हिशेब केला तर थर चारच होतात.

या कथेतली पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मर्यादा घालणारा आधी स्वतः थंडीत बसतो. दुसऱ्याने किती कपडे वापरावेत याचा निर्णय शेकोटीजवळ बसून दिलेला नाही. शिवाय थंडी सोसता येणे हा इथे गुण मानलेला नाही. थंडी वाजली की पांघरायचे, एवढे सरळ. हा भिक्खू नाजूक आहे की कणखर, याचीही परीक्षा नाही; सुकुमार घरांतून आलेल्या, थंडीला भिणाऱ्या तरुणांचेही या तीन चीवरांत भागावे, असा विचार कथेतच आहे. गरज शरीराने ठरवायची आणि तिच्यापुढे थांबायचे. मध्यममार्ग हा शब्द व्याख्यानांत फार गुळगुळीत झाला आहे. या कथेत त्याला निदान मोजमाप आहे.

थांबण्याचा नियमही माणसे ओळखून केलेला आहे. जादा चीवर मुळीच ठेवू नये असे ठरल्यावर बुद्धांचा शिष्य आनंद याच्याकडे एक जादा चीवर आले. ते त्याला सारिपुत्ताला द्यायचे होते आणि सारिपुत्त साकेतला होता. तो कधी येईल, असे बुद्धांनी विचारले. नऊ-दहा दिवसांत, असे उत्तर आले. तेव्हापासून जादा चीवर दहा दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा मिळाली. नियमातली ही फट मैत्रीने पाडली आहे.

चंद्रपूरपासून जवळ भद्रावतीला विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्याच गावात केशरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थही आहे. वस्त्राच्या प्रश्नावर जैन परंपरेचे उत्तर बौद्धांहून कडक आहे, आणि त्या उत्तरावरूनच तिच्यात दोन मोठे पंथ पडले आहेत. दिगंबरांच्या मते वस्त्र हाच परिग्रह; एक धागाही जपला तर त्याच्यामागे भिक्षा, धुणे, हरवण्याची भीती आणि लाज येते, म्हणून पूर्ण मुनी अचेल, म्हणजे निर्वस्त्र असला पाहिजे. श्वेतांबर परंपरा मर्यादित वस्त्राला मान्यता देते. परिग्रह वस्तूत नसून तिच्यावरच्या आसक्तीत आहे, असा तिचा युक्तिवाद आहे. त्यांच्या साधूंकडे लोकरीची कामळी असते.

श्वेतांबरांच्या आचारांगसूत्रात महावीरांच्या तपाचे जे वर्णन आहे, त्यात सुरुवातीलाच हिवाळा येतो. अंगावरच्या वस्त्राने या थंडीत स्वतःला झाकणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. वर्षभराहून थोडा अधिक काळ ते वस्त्र जवळ राहिले, मग तेही गेले. गार वारा सुटला की इतर श्रमण आडोसा शोधत, जास्त कपडे मागू म्हणत, लाकडे पेटवू म्हणत. महावीर उघड्यावर राहत. पण त्याच ग्रंथात सामान्य साधूंसाठी सोय आहे. कोणी तीन वस्त्रे ठेवावीत, कोणी दोन, कोणी एक. हिवाळा सरला की जीर्ण झालेली टाकून द्यावीत.

याच सूत्रातला एक छोटा प्रसंग महावीरांच्या तपाइतकाच मोलाचा आहे. एक साधू थंडीने कापत असतो. गृहस्थ त्याला खोचकपणे विचारतो की, हा कंप इंद्रियांच्या विकाराने तर नाही? साधू म्हणतो, विकाराने नाही, मला थंडी सहन होत नाही. पण अग्नी पेटवणे मला शोभत नाही. अग्नीतही जीव आहेत आणि ते मारायचे नाहीत, ही त्याची अडचण. तपस्वी असूनही थंडी सहन होत नाही असे तो मोकळेपणाने सांगतो. धार्मिक वाङ्मयात इतका प्रामाणिक माणूस विरळा भेटतो. शेकोटी हाच जिथे हजारो माणसांचा कोट आहे, त्या गडचिरोलीच्या जंगलात मात्र हा नियम गृहस्थाला पाळता येण्यासारखा नाही.

वैदिक परंपरेत या प्रश्नाचे सूत्र तितिक्षा हे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात थंडी-उष्णता ही इंद्रियांच्या स्पर्शाने येणारी आणि जाणारी मानली आहे. ती सोसावी, असे कृष्ण अर्जुनाला सांगतो. उपदेश चांगला आहे, पण तो कोण कोणाला करतो यावर त्याची किंमत ठरते. साधक स्वतःला सांगतो तेव्हा ती तितिक्षा. कोट घातलेल्याने कुडकुडणाऱ्याला सांगितले तर तो निव्वळ निगरगट्टपणा. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य आदिवासी, मजूर, ऊसतोड कामगार यांच्याविषयी सर्रास ऐकू येते. त्यात तितिक्षेचा उपदेश परस्पर दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो.

या वळणावर हेमलकसा येते. २३ डिसेंबर १९७३ रोजी, भर हिवाळ्यात, भामरागड तालुक्यातील या ठिकाणी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा भोवतालच्या माडिया गोंड पुरुषांच्या अंगावर लंगोटीपलीकडे फारसे काही नसे. रात्र शेकोटीच्या आधाराने काढायची. आपण अंगभर कपड्यांत वावरतो आणि समोरचा रुग्ण उघडा, हे प्रकाश आमटे यांना खटकले. त्यांनी शर्ट-पँट सोडली आणि बंडी व अर्धी चड्डी एवढाच पोशाख ठेवला. पुढे शहरातल्या समारंभांतही तोच राहिला.

यामागे गांधींचा वारसा स्पष्ट आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधींनी टोपी आणि सदरा सोडून पंचा स्वीकारला. ज्यांना अंगभर खादी परवडत नाही त्यांना स्वदेशीचा उपदेश कसा करायचा, हा त्यांच्यापुढचा पेच होता. जे स्वतः करू शकत नाही ते दुसऱ्याला सांगायला ते कचरत. त्या निर्णयातली एक बारीक तरतूद सहसा कोणी सांगत नाही. शरीराच्या रक्षणासाठी लागेल तेव्हा चादर घेण्याची सवलत त्यांनी ठेवली होती. १९३१च्या शरदात लंडनला गोलमेज परिषदेसाठी गेले तेव्हा ते शाल पांघरून हिंडले. पंचा ही लोकांशी बांधिलकी होती, थंडीशी पैज नव्हती. पुढे १९३६ पासून शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम हे त्यांचे ठिकाण झाले. प्रकाश आमटे यांचे वडील बाबा आमटे यांनी काही काळ तिथे काढला, आणि कुष्ठरोग्यांसाठीच्या त्यांच्या आनंदवनाची घडण त्या संस्कारातून झाली.

हेमलकशातील त्यागाचा अर्थ बुद्धांच्या प्रयोगाहून निराळा आहे. बुद्ध शरीराला विचारतात की किती पुरे. इथे शेजाऱ्याकडे बघून ठरवले आहे. शरीराला स्वेटर हवा असेलही, पण तो अंगावर चढला की डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात एक अंतर पडते; ते अंतर थंडीपेक्षा जास्त झोंबते. कोटाची मर्यादा नात्याने ठरवण्याचा हा विचार मूलतः भक्तिपरंपरेतला आहे. ख्रिस्ती परंपरेतही त्याचे रूप दिसते: लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला सांगतो, आणि चौथ्या शतकातल्या संत मार्टिनने आमियाँच्या वेशीवर भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिल्याची कथा युरोपभर पसरली. अर्ध्या झग्याने दोघांनाही पुरती ऊब मिळणार नाही, हे खरे. पण दोघांनाही सारखीच कमी मिळेल.

या सगळ्या विचाराला एक जबर आक्षेप आहे, आणि तो चंद्रपुरातच ऐतिहासिक रूपात उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला तिथे लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या आजोबा-पणजोबांना कपडा सोडून पुण्यसंचय करण्याची संधीच नव्हती. धड कपडा त्यांच्या अंगावर येऊच दिला जात नव्हता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना प्रेतांवरची वस्त्रे नेमून देतो. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की, अस्पृश्यपणाची खूण पटवणारे दागिने आणि लुगडे नेसण्याची पद्धत टाका, आणि स्वच्छ राहा. स्वतः ते आयुष्यभर नीट शिवलेल्या कोटात वावरले. आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो कोट आहे, निळ्या रंगात. त्या कोटाला पाश्चात्त्य अनुकरण म्हणून हिणवणाऱ्यांना त्यातली गोष्ट कळलेली नाही.

हा आक्षेप तत्त्व म्हणून मांडायचा तर असा होईल. त्याग करता येतो तो मालकीच्या वस्तूचा. ज्याला कोट घालण्याचा अधिकार कोणी नाकारलेला नाही तो कोट उतरवतो तेव्हा ते व्रत. ज्याला तो नाकारला गेला त्याने तो चढवणे हेही तितकेच धर्म्य आहे. दोघांनाही एकच नियम लावला तर तो एकावर अन्याय करतो. गांधींचा पंचा आणि आंबेडकरांचा कोट यांतला एक खरा आणि दुसरा खोटा ठरवण्याचा खटाटोप महाराष्ट्रात पुष्कळ झाला. त्यातून फारसे निष्पन्न झाले नाही, कारण दोघे वेगवेगळ्या जागी उभे राहून एकाच विषमतेला उत्तर देत होते.

हेमलकशालाच या दोन्ही बाजू दिसतात. डॉक्टरांनी कपडे कमी केले, आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या आश्रमशाळेत माडिया मुले गणवेशात बसू लागली. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. आज भामरागड-एटापल्लीच्या आठवडी बाजारात तरुण माडिया पुरुष जाकीट घासाघीस करून घेतो, तेव्हा तो आपली संस्कृती बुडवतो असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर काय आहे ते पाहावे. उलट, उघडे अंग म्हणजे मागासलेपण असे मानून सरसकट सदरे चढवण्याच्या उत्साहाविषयी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी घेतलेली शंकाही रास्त होती. निवड ज्याची त्याने करायची, हा दोन्हींतला समान धागा.

दानाचा प्रश्न याला लागूनच आहे. डिसेंबर आला की मंडळे आणि संस्था दोन्ही जिल्ह्यांत ब्लँकेटे वाटतात, घराघरांतून जुने कोट-स्वेटर गोळा होतात. कठोपनिषद सुरू होते ते अशाच एका दानाने. वाजश्रवसाने यज्ञात दिलेल्या गाई पाणी पिऊन, गवत खाऊन, दूध देऊन संपलेल्या होत्या. हे दान बापाला कुठे नेईल, या चिंतेतून नचिकेता प्रश्न विचारू लागला. चेन तुटलेले, कोपरावर विरलेले जाकीट देणाऱ्याला ही कथा अगदी थेट लागू पडते. मढ्यावरच्या कापडाचा इतिहास असलेल्या समाजात तर उतरलेला कपडा देताना दुप्पट जपायला हवे. गीतेच्या सतराव्या अध्यायात अवज्ञेने, मान न राखता दिलेले दान तामस ठरवले आहे. रांगेत उभे करून, छायाचित्र काढून दिलेले ब्लँकेट उबदार असते, तरी त्याची गणती कुठे होईल ते उघड आहे.

विदर्भाने दानाची दोन मोठी उदाहरणे पाहिली. अमरावतीकडचे गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरत आणि उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हाच धर्म म्हणून सांगत. घेणाऱ्याहून देणाऱ्याच्या अंगावर कमी, त्यामुळे त्यांच्या दानाला मिजास चिकटली नाही. बाबा आमटे यांचा मार्ग वेगळा. १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हापासून दान माणसाला दुबळे करते आणि काम उभे करते, ही त्यांची धारणा होती. आनंदवनात कुष्ठमुक्त माणसे मागावर बसून सतरंज्या-चादरी विणू लागली. ज्याच्यावर कापड फेकले जायचे तो कापड विणणारा झाला. पांघरूण देण्याहून विणायला शिकवणे वरचढ, हे मान्य केले तरी पौषातल्या एका रात्रीपुरते गाडगेबाबांचेच म्हणणे बरोबर ठरते. माग उभा राहीपर्यंत थंडी थांबत नाही.

कोट कशाचा असावा, याविषयी अहिंसेचा विचार थोडक्यात आटोपता येतो. लोकर मेंढी जिवंत ठेवून मिळते, म्हणून ती बहुतेक परंपरांना चालते; या भागात मेंढ्या पाळणारे कुरमार आणि त्यांच्या घोंगड्या परिचित आहेत. रेशमाचे तसे नाही. आरमोरीचा कोसा प्रसिद्ध आहे, पण कोश उकळताना आतला जीव मरतो. विनयपिटकात रेशीम मिसळलेले आसन भिक्खूंना वर्ज्य आहे, आणि त्या नियमाच्या कथेत रेशीमवालेच हळहळतात की, पोटासाठी आम्हाला इतके जीव मारावे लागतात. चामड्याचे जाकीट गाडीवर वारा छान अडवते. ते घेणाऱ्याने निदान हिशेब ओळखून घ्यावे. बाजारातले बहुसंख्य कोट कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांत मेंढी नाही, किडा नाही, पण शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतात. जागलीवर जाणाऱ्याला घोंगडीच सुरक्षित. गडचिरोलीच्या उत्तरेला, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणे हा भारतातल्या तिबेटींचा जुना उद्योग. तीन चीवरांचा नियम ज्यांच्या धर्मात आहे त्यांनीच इतरांना चौथा थर विकावा, यात गंमत आहे. पण नियम भिक्खूंचा आहे, दुकानदारांचा नाही.

आतापर्यंतचे बहुतेक नियम एकट्या पुरुषांनी एकट्या पुरुषांसाठी केलेले आहेत. कोट विकत घेणारा माणूस बहुधा घरचा असतो, आणि घरात ऊब वाटली जाते. बाहेर कामाला जातो म्हणून पुरुषाचा कोट आधी येतो, मग शाळेच्या मुलांचे स्वेटर; घरची बाई जुन्या शालीवर भागवते, कारण ती ‘घरातच असते’. पहाटे चारला अंगणात सडा घालणारीला घर कुठे पुरते? कोणत्याही स्मृतीत या क्रमाची चर्चा नाही. बुद्धांची कसोटी इथे लावायची तर प्रत्येकाला त्याच्या-तिच्या प्रहराची थंडी विचारावी लागेल, आणि कोटाचा पहिला हक्कदार बदलण्याचा संभव आहे.

गृहस्थाकरिता सर्वांत व्यवहार्य नियम पुन्हा जैन परंपरेतच मिळतो. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी शेवटचे परिग्रहपरिमाण. त्यात वस्तू सोडायच्या नसतात. किती ठेवायच्या याची सीमा ज्याची त्याने आधी आखायची आणि ती ओलांडायची नाही. आकडा ग्रंथ सांगत नाही. जागलीवर जाणारा दोन थर आणि एक घोंगडी लिहील, दिवसा दुकानात बसणारा एक स्वेटर. चंद्रपूरच्या हवेत कोट वर्षातले दहा महिने पेटीत डांबरगोळ्यांसोबत पडून राहतो, म्हणून सीमा आखण्याची वेळ खरेदीआधीची, आश्विनातली. पहिला गारठा पडल्यावर दुकानात उभ्या असलेल्या माणसाला सगळेच कोट गरजेचे वाटतात.